ओमाचे गुरुवार

लग्नाला पाव शतक उलटून गेलं, तरी नागपूरहून फोन आला की एखादी मावशी हमखास विचारते, "काय गं, तुझ्या सासरी वीज आहे ना?" कुणीतरी कधीतरी टीव्हीवर घोडागाडीतून जाणारी, काळ्या कपड्यांतली दाढीवाली माणसं पाहिलेली असतात आणि मेनोनाइट, म्हणजे माझ्या सासरचा ख्रिस्ती पंथ, तो म्हणजे तीच माणसं, असं डोक्यात पक्कं बसलेलं असतं. वीज आहे, मावशी. माझा नवरा वीजखात्यातच नोकरीला आहे. घोडागाडीवाले ते बहुतेक अमिश, आणि काही अगदी जुन्या वळणाचे मेनोनाइट. माझ्या सासरचे लोक कॅनडातल्या दक्षिण मॅनिटोबात राहतात, घरापेक्षा महाग कंबाइन चालवतात आणि आइस हॉकीवरून भांडतात.

सासरचं आडनाव इथे लिहीत नाही. लिहिलं असतं तरी काही कळलं नसतं म्हणा. फ्रीझन, पेनर, रायमर, डिक, वीब, क्लासेन अशा मोजक्या आडनावांत अख्खा समाज बसतो. दोन अनोळखी मेनोनाइट भेटले की चहा यायच्या आत एकमेकांची आजी कुठल्या गावची हे शोधून काढतात. "तुम्ही कोणाकडचे?" हा प्रश्न मी जन्मापासून ऐकत आल्यामुळे या खेळात मला कधी उपरं वाटलं नाही.

आज लिहायला बसण्याचं कारण वेगळं आहे. नवऱ्याच्या मामेभावाने घराण्याचा इतिहास छापायला घेतला आहे आणि त्याचा कच्चा मसुदा सगळ्यांना पाठवला आहे. माणूस कष्टाळू आहे, तक्रार नाही. त्यात नवऱ्याच्या पणजोबांना तीन प्रकरणं आहेत. ते प्रवचनकार होते, त्यांची पत्रं जपलेली आहेत. त्यांच्या मुलीला, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या आईला, जिला सगळे ओमा (जर्मनमध्ये आजी) म्हणत, चार ओळी आहेत. जन्म १९०८, मोलोच्ना. कॅनडात आगमन १९२४. बाप्तिस्मा, विवाह, सहा मुलं. मृत्यू १९९९.

त्या चार ओळी वाचून माझं डोकं तापलं. म्हणून हे.

मी ओमाला पहिल्यांदा भेटले ती १९९७ साली, लग्न होऊन आले तेव्हा. ती ८९ वर्षांची होती, वृद्धाश्रमात राहायची आणि खिडकीत बसून सूर्यफुलाच्या बिया दातांनी फोडायची, टरफल एका कोपऱ्यातून बाहेर, दाणा आत. तिने विचारलं, तू कुठली? मी म्हटलं, नागपूर. चेहऱ्यावर काही उमटलं नाही. मुंबई म्हटलं, तरी नाही. मग मी हाताने नकाशा काढल्यासारखं करून सांगितलं, मुंबईहून कलकत्त्याला जाणारी रेल्वे आहे ना, तिच्या मधे कुठेतरी. तिने बी फोडायची थांबवली. "म्हणजे चांपाजवळ?"

मी चाटच पडले. बिलासपूरच्या पुढचं चांपा! नागपूरच्या माणसाला ते गाडी थांबते म्हणून माहीत असतं, एरवी पुण्याच्या माणसालासुद्धा सांगता येणार नाही. नंतर उलगडा झाला. उत्तर अमेरिकेतल्या मेनोनाइटांचं एक मिशन १९०० पासून चांपा आणि जांजगीर भागात होतं, तिथे कुष्ठरोग्यांसाठी दवाखाना होता. दुसऱ्या एका शाखेचं धमतरीला होतं, १८९९ पासून, छपन्नच्या दुष्काळाच्या साली. तेव्हा हे सगळं मध्य प्रांतात, म्हणजे नागपूरच्याच राज्यकारभारात. ओमाच्या चर्चमधल्या बायकांचं शिवणमंडळ जुन्या चादरी फाडून पट्ट्या गुंडाळायचं आणि गठ्ठ्यावर "चांपा" लिहायचं. तिने आयुष्यभर ते नाव लिहिलं होतं. तिथला माणूस मात्र पहिल्यांदा पाहत होती, आणि मी तिथली नव्हतेच, पण त्या दुपारी ते सांगायचा धीर झाला नाही.

आता थोडं मागे जावं लागेल. मामेभाऊ इथे चाळीस पानं घेतो, मी एका परिच्छेदात उरकते. मेनो सिमन्स हा आजच्या नेदरलँड्समधल्या फ्रीसलँडचा कॅथलिक पाद्री. १५३६ साली त्याने ते सोडलं आणि ॲनाबॅप्टिस्ट लोकांत आला. यांचं म्हणणं असं की बाप्तिस्मा तान्ह्या बाळाला नाही, समजत्या वयात स्वतःहून घ्यायचा, शपथ घ्यायची नाही आणि हत्यार उचलायचं नाही. यासाठी जाळले गेले, बुडवले गेले, पळाले. डान्झिगजवळ विस्चुला नदीच्या मुखाशी दलदल उपसून शेतं केली. पुढे तो मुलूख प्रशियाकडे गेला. जो सैन्यात येत नाही त्याला नवी जमीन घ्यायला राजा आडकाठी करू लागला. तेवढ्यात रशियाच्या कॅथरीन राणीने दक्षिणेतला, नुकताच जिंकलेला स्टेप प्रदेश देऊ केला. १७८९ मध्ये द्नीपर नदीकाठी खोर्तित्सा ही पहिली वसाहत झाली, १८०४ मध्ये मोलोच्ना. आजच्या भाषेत युक्रेनचा झापोरिझ्झिया प्रांत, तोकमाकजवळ. २०२२ पासून तो भाग रशियन सैन्याच्या ताब्यात आहे. सासूबाई बातम्यांत तोकमाक ऐकलं की आवाज वाढवतात.

ही जमीन रिकामी नव्हती, हे मसुद्यात नाही. नोगाई मेंढपाळ तिथे गुरं चारायचे. क्रिमियन युद्धानंतर ते बहुतेक ऑटोमन राज्यात निघून गेले, आणि शेतं वाढत गेली.

ओमाचं गाव सरळ एका रस्त्याचं. घर, तबेला, धान्याचं कोठार एकाच रेषेत, एकाला एक जोडलेलं. कुंपणाला तुती. योहान कॉर्नीस नावाच्या करड्या कारभाऱ्याने एकोणिसाव्या शतकात सगळ्यांकडून झाडं लावून घेतली होती. भट्टीत जळण म्हणून शेणाच्या वाळवलेल्या विटा. (हे ऐकून माझी आई इतकी खूश झाली की पुढचा फोन पूर्ण गोवऱ्यांवर झाला.) आणि घरात कामाला एक युक्रेनी मुलगी, शेजारच्या खेड्यातली. बहुतेक बऱ्या घरांत असायची. घरात बोलायची भाषा प्लाउटडीच, म्हणजे मेनोनाइटांची जर्मन बोली, चर्चमध्ये शुद्ध जर्मन आणि त्या मुलीशी युक्रेनी. ओमाला तिन्ही यायच्या.

१९१९ चा पानगळीचा मोसम सगळ्यांनीच मुका ठेवला आहे. यादवी युद्ध चालू होतं, लढाईची आघाडी सारखी इकडून तिकडे सरकत होती आणि नेस्तोर माख्नोच्या अराजकवादी फौजा त्या गावांत उतरल्या. काही गावांत एका रात्रीत कित्येक पुरुष मारले गेले. सैनिक घराघरात राहिले आणि जाताना टायफस ठेवून गेले. ओमाचा थोरला भाऊ त्यात गेला. मसुद्यात "टायफसने निधन" एवढंच आहे. त्याआधी तो गावच्या तरुणांच्या स्वसंरक्षण दलात बंदूक घेऊन उभा राहिला होता, चारशे वर्षांचा नेम मोडून, हे सासूबाईंना ठाऊक आहे, मामेभावालाही ठाऊक आहे. आणि त्या महिन्यांत घरातल्या बायकांवर काय गुदरलं याबद्दल ओमाने आपल्या मुलींनासुद्धा काही सांगितलं नाही. तिने सांगितलं नाही म्हणजे माझ्यापाशीही लिहायला काही नाही, आणि मी अंदाज बांधणार नाही.

मग दुष्काळ. घोडे जप्त झालेले, बियाणं नेलेलं, त्यात पाऊस नाही. १९२२ च्या वसंतात अमेरिकेतल्या मेनोनाइटांनी स्वयंपाकघरं उघडली. त्यासाठी दोन वर्षांपूर्वी सगळ्या शाखांनी मिळून एक समिती काढली होती, ती आजही चालू आहे. दिवसातून एकदा पांढरा पाव, शेंगांचं कालवण, कोको. पुढे अमेरिकेहून ट्रॅक्टरही आले, नांगर ओढायला. ओमा तेव्हा तेरा-चौदा वर्षांची. म्हातारपणी कुणी कपाच्या तळाशी कोको ठेवला तर ती काही न बोलता कप उचलून स्वतः पिऊन टाकायची. पाहुण्याचा असला तरी.

कॅनडा या लोकांना घ्यायला तयार नव्हता. १९१९ मध्ये सरकारने हुकूम काढून मेनोनाइटांना बंदी केली होती: लढत नाहीत, जर्मन बोलतात, आम्हाला नकोत. १९२२ मध्ये मॅकेन्झी किंग पंतप्रधान असताना तो उठला. पण तिकिटाचे पैसे? ते कुणाजवळच नव्हते. तेव्हा सस्कॅचवानमधल्या रोस्थर्न गावचे डेव्हिड टेव्स, शिक्षक आणि चर्चचे वडीलधारे, यांच्या मंडळाने कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेशी करार केला. कंपनीचीच आगगाडी, कंपनीचीच जहाजं, सगळं उधारीवर, जबाबदारी इथल्या मेनोनाइटांची. १९२३ ते १९३० या काळात वीस हजारांवर माणसं अशी आली. उधारीचा आकडा सतरा लाख डॉलरांच्या वर गेला, व्याज वेगळं. घराघरात त्याला एकच नाव होतं, राइझेशुल्ड. प्रवासाचं कर्ज.

ओमाचं कुटुंब १९२४ च्या उन्हाळ्यात लिख्तेनाऊ स्टेशनवरून मालगाडीच्या डब्यांत निघालं. आईवडील, सोळा वर्षांची ओमा, दोन धाकटे भाऊ, एक लहान बहीण. थोरली विवाहित बहीण मागे राहिली, तिच्या नवऱ्याला वाटलं, दिवस सुधारतील. बरोबर गोण्या भरून भाजलेले झ्वीबाक. हे लोण्याचे, एकावर एक दोन गोळे ठेवून भाजलेले पाव असतात. तेच पुन्हा भट्टीत वाळवले की महिनोन्महिने टिकतात. लाटव्हियाची हद्द ओलांडली तेव्हा डब्यांतून लोक गायला लागले, असं पणजोबांच्या पत्रात आहे. ओमाच्या आठवणीत त्या दिवसाचं गाणं नव्हतंच. तिला आठवायचं ते निर्जंतुकीकरण: कपडे वाफेच्या खोलीत, सगळ्या बायका उघड्या आणि उवांमुळे तिचे केस कापले. कमरेपर्यंतच्या दोन वेण्या होत्या. क्वेबेकमध्ये उतरल्यावरच्या फोटोत ती डोक्याला घट्ट रुमाल बांधून उभी आहे. मामेभावाने खाली लिहिलंय, "पारंपरिक वेशात."

साउथॅम्प्टनला डोळे तपासले. लहान बहिणीला खुपऱ्या निघाल्या. खुपऱ्या असलेल्याला कॅनडात पाऊल ठेवू देत नसत. आई तिच्याबरोबर मागे राहिली, ईस्टलीच्या एका जुन्या विमानतळावरच्या छावणीत, आणि त्या दोघींना यायला पुढचं वर्ष उजाडलं. बाकीचे 'मिनेडोसा' जहाजाने पुढे. म्हणजे सोळाव्या वर्षी, कापलेल्या केसांनिशी, ओमा बाप आणि दोन भावांची चूल सांभाळायला लागली.

मॅनिटोबात आधी आलेले मेनोनाइट होतेच, १८७४ पासूनचे. दोन्ही गटांचं एकमेकांबद्दलचं मत ऐकण्यासारखं होतं. जुन्यांना हे नवे लोक शिष्ट वाटत, पियानो वाजवणारे, रशियन साहित्य वाचणारे. नव्यांना जुने म्हणजे अडाणी. गंमत म्हणजे त्याच वर्षांत जुन्यांतले हजारो कर्मठ लोक, शाळा इंग्रजीत सक्तीची झाली म्हणून, सगळं विकून मेक्सिकोला चालले होते. ओमाच्या वडिलांना शेत मिळालं ते अशाच एका मेक्सिकोला गेलेल्या माणसाचं. तेही उधारीवर.

आता मी जिथे यायला निघाले होते तिथे आले.

शेतात रोख पैसा नव्हता. वडील प्रवचन करत, त्याचा पगार नसे. १९२५ मध्ये आई आणि बहीण येऊन पोचल्या, घर आईने हातात घेतलं आणि ओमाला विनिपेगला, मॅनिटोबाच्या राजधानीला, पाठवलं गेलं, श्रीमंत इंग्रजांच्या घरी मोलकरीण म्हणून. ती एकटी नव्हती. अशा शेकडो मुली गेल्या. येताना सरकारला वचन दिलेलं होतं की हे लोक शेतीवर राहतील, चर्चच्या वडीलधाऱ्यांना तर शहर म्हणजे पापाचं आगर वाटे. पण मुलीच्या हातात दर महिन्याला नोटा येत होत्या, त्यामुळे पापाकडे जरा कानाडोळा झाला.

घर वेलिंग्टन क्रेसेंटवर, असिनिबोइन नदीच्या काठचं. आजही तो रस्ता बंगलेवाल्यांचा आहे. पहाटे शेगड्या, मग नाश्ता, फरशा, कपडे, मुलं, संध्याकाळी पांढरा एप्रन लावून वाढणं. इंग्रजी शून्य. पहिल्या आठवड्यात मालकिणीने बेकिंग पावडर मागितली तर हिने टाल्कम पावडरचा डबा नेऊन दिला, हा किस्सा सासूबाईंनी मला इतक्या वेळा सांगितलाय की आता तो मीच सांगते. झोपायला माळ्यावरची खोली, थंडीत भिंतीला आतून बर्फ.

या खोलीबद्दल ओमा सासूबाईंना एकदा म्हणाली होती, "आमच्याकडे कामाला होती ती मुलगी कुठे झोपायची, हे मला कधी आठवलंच नव्हतं. या माळ्यावर झोपायला लागल्यावर आठवलं. ती भट्टीमागे, जमिनीवर." सासूबाईंनी विचारलं, तिचं पुढे काय झालं? ओमा म्हणाली, १९१९ मध्ये ती तिच्या घरी गेली. एवढंच.

मोलकरणींना गुरुवारची दुपार सुट्टी मिळायची. विनिपेगमध्ये दोन मेनोनाइट गटांनी मुलींसाठी दोन घरं काढली होती, मारिया-मार्था आणि एबेन-एझेर. ओमा एबेन-एझेरला जायची. गुरुवारी दुपारी ट्रामने मुली तिथे गोळा व्हायच्या. प्लाउटडीच बोलायचं, सूर्यफुलाच्या बिया, गाणं, बायबलचा वर्ग, इंग्रजीची उजळणी, घरची पत्रं, आणि मुख्य म्हणजे मालकिणींची निंदा. घर चालवणारी बाई नोकऱ्या लावून द्यायची, आणि कुठल्या घरचा पुरुष अंगचटीला येतो हे कळलं की त्या घरी पुन्हा मुलगी पाठवायची नाही. शहराला वाटायचं, या भोळ्या परदेशी पोरी. त्यांच्याकडे अख्ख्या शहराच्या घरांची आतली माहिती होती! ओमा म्हणायची, आयुष्यातली सगळ्यात चांगली वर्षं कुठली विचारशील तर ते गुरुवार. लग्नाआधीचे. हे ती ओपांच्या, म्हणजे नवऱ्याच्या, समोर म्हणायची.

तिची हिशेबाची वही सासूबाईंच्या कपाटात, बटणांच्या डब्याखाली सापडली. जुन्या जर्मन लपेटी अक्षरांत, आपल्या मोडीसारखी: अक्षर दिसतं देखणं, लागत एकही नाही. सासूबाईंनाही वाचता येईना. शेवटी विनिपेगच्या मेनोनाइट दप्तरखान्यातल्या एका निवृत्त गृहस्थांनी माझ्याबरोबर बसून ती लावली. तिथेच त्या कुटुंबाचं स्थलांतर मंडळाचं नोंदणीपत्रकही पाहिलं. त्यावर वडिलांचं नाव ठळक, बाकी मंडळी खाली जन्मतारखांच्या रांगेत.

वहीत दर महिन्याला पगार, सुरुवातीला पंधरा डॉलर, मग वीस, मंदीत पुन्हा खाली. त्याखाली "पापा", समोर बारा, चौदा, सतरा. ट्रामचं भाडं. टपालाची तिकिटं. एका डिसेंबरात "बूट", आणि तो शब्द खोडून पुन्हा "पापा". मंदीत गव्हाला भाव उरला नाही तेव्हा त्या घरात आलेला रोख पैसा जवळपास एवढाच. पापांनी तो मंडळाकडे भरला आणि पावती पापांच्या नावे झाली. मसुद्यात त्या पावत्यांचे रंगीत फोटो आहेत.

१९३४ मध्ये कुटुंबाचं कर्ज फिटलं. ओमा २६ वर्षांची झाली होती. पण जबाबदारी सगळ्यांची मिळून होती. ज्यांचं फिटलं त्यांनीही न फिटलेल्यांसाठी वर्गणी द्यायची. पुढच्या वर्षी लग्न करून ती शेतावर गेली आणि अंड्यांच्या पैशांतून तीही दिली. हे तिला मुळीच आवडलं नव्हतं, आणि तिने ते कधी लपवलं नाही. कंपनीने व्याजाचा बराच भाग सोडून दिल्यावर अखेर नोव्हेंबर १९४६ मध्ये सगळं फिटलं. चर्चमध्ये आभाराची प्रार्थना झाली. मंडळाचं कौतुक झालं, रेल्वेचं झालं, वृद्ध डेव्हिड टेव्सांचं झालं आणि ते रास्तच होतं, त्या माणसाने त्या कर्जापायी जीव काढला. घासायच्या फरशांचं नाव कुणी काढलं नाही.

मागे राहिलेल्या बहिणीचंही सांगते, कारण मसुद्यात ती नाहीच. तिचा नवरा १९३७ मध्ये सोव्हिएत पोलिसांनी रात्री नेला, परत आला नाही. १९४१ मध्ये तिला मुलांसकट कझाकस्तानात पाठवलं. पत्रं बंद. जे मेनोनाइट मागे राहून जर्मन फौजांच्या हाती लागले त्यांतल्या काहींनी नाझींसाठी काय केलं, हा विषय जेवणाच्या टेबलावर निघाला की अजून कुणीतरी बटाटे पुढे करतं. १९५६ मध्ये बहिणीचं पत्र आलं. ओमा ते घेऊन कोंबड्यांच्या खुराड्यात गेली आणि दुपारभर बाहेर आली नाही. मग पार्सलं सुरू झाली: लोकर, सुया, आणि कोको. त्या बहिणीची नातवंडं आता जर्मनीत आहेत. त्यांच्यातली एक माझ्याशी व्हॉट्सॲपवर बोलते आणि मसुद्याबद्दल माझ्याहून जास्त चिडली आहे.

घराण्यात एक क्रोगर घड्याळ आहे, खोर्तित्साजवळच्या रोझेनटालचं, फुलं रंगवलेलं, लोंबत्या वजनांचं, पेटाऱ्यात घालून आणलेलं. ते कुणाकडे राहावं यावरून दोन घरांत बोलणं बंद आहे. वही मात्र मी मागितली तेव्हा एकानेही हरकत घेतली नाही.

मी वहीची सगळी पानं स्कॅन करून, मराठीत आणि इंग्रजीत उतरवून मामेभावाला पाठवली. त्याचं उत्तर सभ्य आलं: फार मोलाचं आहे, शेवटी परिशिष्टात घालू. मी कळवलं, परिशिष्टात पावत्या घाल, वही कर्जाच्या प्रकरणात येईल आणि "पारंपरिक वेश" तेवढं खोडून टाक. पंधरा दिवस झाले, उत्तर नाही. जुलैत सगळे जमणार आहेत, कलिंगड आणि तळलेल्या रोलकूखनवर हा विषय निघणारच. सासूबाई माझ्या बाजूने आहेत. नवरा म्हणतो, तो तटस्थ आहे, शांततावादी घराण्यातला ना.